मोकळा दिलहा

वेंगुर्ल्याजवळच्या त्या रिसॉर्टवर पोचल्यावर आम्ही सगळे आधी समुद्राकडे धावलो. अण्णा मात्र जेवणघरातल्या कपाटापाशी थांबले.

नाताळची सुट्टी होती. लेकीचं दहावीचं वर्ष, त्यामुळे जावं की नाही यावर घरात महिनाभर खल झाला. शेवटी तोडगा मीच काढला. चार दिवस जायचं, पण पुस्तकं बरोबर न्यायची. वेळापत्रकही मीच आखलं: सकाळी सहा ते आठ बीजगणित, दुपारी दोन ते चार विज्ञान, रात्री जेवणानंतर भूमिती. उरलेल्या वेळात समुद्र. पुण्याहून निघालो, कोल्हापुरात अण्णांना गाडीत घेतलं आणि आंबोलीचा घाट उतरलो. सावंतवाडीला मी वीस मिनिटं धरली होती. तिथल्या दुकानात लेक लाकडी फळांच्या परडीपुढे खिळून राहिली. रंगवलेलं सीताफळ हातात घेऊन ती त्याचा एकेक डोळा बोटाने चाचपत होती. मी घड्याळ दाखवलं. तिने सीताफळ परत ठेवलं आणि मुकाट्याने गाडीत येऊन बसली.

कपाट शिसवीचं होतं, काळपट लाकडात जांभळट रेघा असलेलं. जवळच्या एका जुन्या घरातून ते आणल्याचं व्यवस्थापकांनी सांगितलं. वरच्या पट्टीवर वेलबुट्टी कोरलेली होती, येणारा जाणारा तिचेच फोटो काढायचा. अण्णांचं लक्ष त्या कोरीव कामाकडे नव्हतंच. त्यांनी दार उघडलं, डोळा कडेला लावला आणि चौकटीच्या आतल्या बाजूने नख फिरवत नेलं.

मी सहज दाराच्या मधल्या फळीवर, म्हणजे दिलह्यावर, हात ठेवला. तो खुट्कन हलला.

"खिळखिळं झालंय अण्णा. दोन खिळे ठोकले तर घट्ट बसेल."

अण्णांनी माझा हात असा बाजूला केला की जणू मी झोपलेल्या तान्ह्या पोराला हलवलं होतं. "खिळखिळं न्हाई ते. मोकळं ठेवलंय."

मग त्यांनी नातीला जवळ बोलावलं. दिलह्याच्या उभ्या कडेला सुतळीइतकी बारीक, फिकट रेघ दिसत होती. बाकीचं लाकूड पॉलिशने चमकत होतं, तेवढीच रेघ कोरी होती. "पॉलिश केलं तवा दिलहा फुगलेला होता. ही कड खोबणीत दडलेली होती. आता थंडीच्या कोरड्या हवेत आकसलाय, म्हणून भाईर आलीया. पावसाळ्यात पुन्हा आत जाईल."

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. लाकूड दमट हवेतलं पाणी पितं, कोरड्या हवेत सोडतं. लांबीत फारसा फरक पडत नाही, पण रुंदीत फूटभर फळीला दोन-तीन मिलिमीटरही पडतो. म्हणून जाणता सुतार चौकटीचे कोपरे कूस आणि खाच काढून पक्के करतो, दिलह्याला मात्र सरसाचा थेंबही लावत नाही. खोबणीत नुसता सरकवून ठेवतो आणि तिथे थोडी जागा रिकामी सोडतो. ती जागा घर बांधणाऱ्याला दिसत नाही, कपाट विकत घेणाऱ्यालाही नाही. तिच्यासाठी सुताराला कुणी शाबासकी दिली नसेल. पण त्या पोकळीच्या जोरावर त्या कपाटाने किती पावसाळे काढले असतील!

त्या रात्री लेक आमच्या खोलीतल्या टेबलाशी भूमिती घेऊन बसली. टेबल नवं, सागवानी, दिसायला झोकदार. वर्तुळ काढताना कंपासचं टोक अचानक खाली गेलं आणि कागद टर्रकन फाटला. मी मोबाइलमधून डोकं वर काढलं. "लक्ष कुठंय तुझं?"

ती काही बोलली नाही. अण्णा उठले. त्यांनी वही उचलली. टेबलाच्या वरच्या फळीला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला होता, आणि नेमक्या त्या तड्यावर वही ठेवलेली होती. वयाच्या पंच्याहत्तरीत ते गुडघे टेकून टेबलाखाली शिरले, मोबाइलची बॅटरी मारून घेतली आणि मला खाली वाकायला लावलं. फळी खालून लोखंडी चौकटीला चारी बाजूंनी स्क्रूंनी आवळली होती. कुठे केसभर हलायला वाव नव्हता.

"लाकडात खोट न्हाई," अण्णा म्हणाले. "अस्सल सागवान हाय. आकसायला निघालं, तर ह्यानं चारी अंगानी धरून ठेवलं. मग करतंय काय बिचारं? फाटलं."

मी तसाच वाकून राहिलो. टेबलाखालून मला लेकीची पावलं दिसत होती. एक पाऊल दुसऱ्यावर दाबून धरलेलं.

"आजोबा, तुम्हाला हे कसं कळतं?" तिने विचारलं. आणि अण्णांनी तिला जे सांगितलं, ते त्यांचा मुलगा असून मी कधी विचारलं नव्हतं.

अण्णा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. बिडाचा जो भाग ओतायचा, तो आधी हुबेहूब लाकडात घडवायचा, तो वाळूत दाबून साचा करायचा आणि त्यात वितळलेलं बीड ओतायचं. पण बीड थंड होताना शंभराला साधारण एक या मापाने आकसतं. पॅटर्न बरोबर मापाचा केला, तर कास्टिंग हमखास लहान निघतं. म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा एक अष्टमांश इंचाने मोठा. शिवाय पॅटर्नच्या उभ्या बाजूंना किंचित उतार द्यायचा, नाहीतर उचलताना वाळूचा साचा ढासळतो.

"म्हणजे तुम्ही रोज मुद्दाम चुकीचं मोजायचा?"

"चुकीचं कसं? ते पुढं किती आकसणार, ते आधीच धरून मोजायचं."

ती पट्टी मला चांगली आठवते. सहावीत असताना मी ती अण्णांच्या पिशवीतून उचलून शाळेत नेली होती. पोलादी, चकचकीत; वर्गात कुणाकडे तशी नव्हती. दहा सेंटिमीटरची माझी प्रत्येक रेघ एक मिलिमीटर लांब भरली आणि गुरुजींनी पानभर फुल्या मारल्या. घरी येऊन मी पट्टी अण्णांपुढे फेकली. "तुमची पट्टी खोटी आहे." ते रागावले नाहीत. पट्टी पुसून पिशवीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी मला प्लॅस्टिकची नवी पट्टी आणून दिली. त्यांना काही समजवायचं असेलही. मी ऐकायला थांबलोच नाही.

रात्री उशिरापर्यंत झोप लागली नाही. मोबाइलमधलं वेळापत्रक उघडून पाहिलं. सहा ते आठ, दोन ते चार, साडेआठ ते साडेनऊ. रकान्याला रकाना चिकटलेला. मी ते तिच्या काळजीपोटीच आखलं होतं, यात मला आजही शंका नाही. टेबल करणाऱ्यानेही फळी घट्ट राहावी म्हणूनच ते स्क्रू आवळले असतील.

दुसऱ्या दिवशी दुपारचे दोन वाजले. अण्णा जेवणघराच्या पायरीवर टोपी घालून उभे होते, किनाऱ्यावर निघालेले. लेक विज्ञानाचं पुस्तक छातीशी धरून दारात आली. तिने आधी आजोबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. विचारलं काहीच नाही. विचारायचं नाही हे ती कधी शिकली, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"किती वाजता याल?" हे शब्द माझ्या जिभेवर आले होते.

"चपला घालून जा," मी म्हणालो. "वाळू तापली असेल."

ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग पुस्तक माझ्या हातात देऊन आत पळाली आणि चपला घेऊन आली. पायरीकडे जाताना ती कपाटापाशी थांबली आणि दोन बोटांनी दिलहा हलकेच ढकलला.

खुट्कन आवाज झाला. पायरीवर पाठमोरे उभे असलेले अण्णा न वळताच हसले, ते मला त्यांच्या खांद्यांवरून कळलं.