श्रीगुरूंनी मागे काय ठेवले?



गेल्या श्रावणात माझा मुलगा, सून आणि सात वर्षांची नात मेलबर्नला राहायला गेले. कायमचेच म्हणा ना. तिकिटावर माणशी 23 किलोंच्या दोन बॅगा. मी बँकेत जन्मभर आकडेमोड केलेला माणूस; स्प्रिंगचा काटा आणला, कोरी वही घेतली आणि यादी करायला बसलो.

पहिले नाव लिहिले ते आमच्या वडिलांच्या गुरुचरित्राच्या पोथीचे. मग टाक, समई, घंटा, शंख, वाडीचे तीर्थ, गाणगापूरचे भस्म, रुद्राक्षाची माळ, औदुंबराची वाळलेली पाने. सौ. म्हणाली, "अहो, त्यांना कपडे न्यायचेत की नाही?"

त्यात ऑस्ट्रेलियाचे नियम कडक. लाकूड, बिया, पाने, माती, दुधाचे पदार्थ असे काही सामानात असेल तर उतरताना लिहून द्यावे लागते; लपवले आणि सापडले तर दंड. एक नातेवाईक म्हणाले, "कपड्यांत गुंडाळून टाका, कोण बघतंय!" मला ते पटले नाही. खोट्या सहीखाली देव न्यायचा? माळ लिहून देऊन नेली, त्यांनी तपासून परत दिली. पाने आणि भस्म इथेच राहू दिले.

जाण्याआधी सगळे मिळून नरसोबाच्या वाडीला गेलो. घाटावर बसलो असताना मनात आले, श्रीनृसिंहसरस्वती महाराज इथे बारा वर्षे राहिले आणि मग गाणगापूरला निघाले. त्यांनी बरोबर काय नेले? संन्याशाचा दंड आणि कमंडलू. मागे काय ठेवले? पादुका. औदुंबरला विमल पादुका, वाडीला मनोहर पादुका आणि पुढे गाणगापूरला निर्गुण पादुका. म्हणजे रोज हाताला लागणारी वस्तू महाराजांनी बरोबर घेतली, आणि जिची सेवा करणारी माणसे जागेवर होती ती त्यांच्या स्वाधीन केली. त्या पादुकांना आपण आठवण म्हणतो खरे, पण नुसती आठवण म्हणून त्या राहिल्या असत्या का? पहाटेची काकड आरती, दुपारची महापूजा, रात्रीची शेजारती, हे सगळे अखंड चालू आहे म्हणून ती मनोहर पादुकांची वाडी आहे. नाहीतर काचेच्या कपाटातली वस्तू.

अवधूतांच्या चोवीस गुरूंत एक कुरर पक्षी आहे. चोचीत मांसाचा तुकडा होता तोवर बाकीचे पक्षी त्याला टोचत राहिले. तुकडा टाकला आणि तो सुटला. प्रवचनांत हे ऐकून आपण माना डोलावतो. पण त्याच चोवीसांत भ्रमरही आहे ना! तो फुलाफुलांतून थोडे थोडे घेतो. सगळे टाका असे अवधूत म्हणत नाहीत. किती आणि कशासाठी घेता ते बघा, म्हणतात.

घरी येऊन वही पुन्हा उघडली. प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न लिहिला: तिथे याची सेवा कोणाच्या हातून होणार? टाकांचा निकाल लगेच लागला. धाकट्या भावाकडे त्यांना रोज नैवेद्य आहे, ते तिथेच बरे. शंख मुलाला वाजवता येत नाही. घंटा गेली.

अडले ते पोथीपाशी. वडिलांनी त्या पोथीच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर प्रत्येक सप्ताहाची नोंद केली आहे. साल, गाव, घरात कोण आजारी होते, कोणाचे लग्न ठरले, सगळे. मुलगा म्हणाला, "बाबा, खरं सांगू? माझ्याच्यानं तिथं सप्ताह होणार नाही. पोथी लाल फडक्यात कपाटावर राहील." मला फार लागले. दोन दिवस मी त्याच्याशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी पूजेला बसल्यावर वाटले, खोट्या सहीचा राग येणारा मी, आणि पोराने खरे सांगितले तर रुसतो?

मग सूनबाईने काय मागितले असेल? सौ.चा पितळी खलबत्ता! दत्तजयंतीला आमच्याकडे सुंठवडा त्यातच कुटतात, आणि गेली तीन वर्षे शेवटचे चार ठोके नात घालते. काट्यावर भरला 2 किलो 600 ग्रॅम. मी म्हटले, अगं, एवढ्या वजनात दोन पोथ्या बसतील. ती म्हणाली, "बाबा, हिला सुंठवड्याचं कळतं. पोथीचं अजून कळायचंय." यावर काय बोलणार? मनात कुरकुरलोच, पण बॅगेत जुन्या साड्यांत गुंडाळून तो मीच भरला.

मार्गशीर्ष पौर्णिमेला वेगळीच पंचाईत. जन्म संध्याकाळी करायचा, आणि डिसेंबरात मेलबर्नला सूर्य मावळायला साडेआठ वाजून जातात. मुलाने फोन करून विचारले, "बाबा, तुमच्या घड्याळानं करू की इथल्या सूर्यानं?" मी म्हटले, जिथे राहता तिथला सूर्य. त्यामुळे आमच्या घरी अजून पाळणा सजायचा होता आणि दुपारी तीनच्या सुमारास फोनवर खलबत्त्याचा ठोका ऐकू आला. चार नव्हे, नातीने पुष्कळ ठोके घातले. सुंठ तिच्या नाकात गेली आणि ती शिंकत शिंकत "दिगंबरा दिगंबरा" म्हणत होती. सौ. पदराने डोळे पुसत राहिली. मी चष्मा पुसला.

पोथी माझ्याकडेच आहे, या वर्षीचा सप्ताह मीच केला. समाप्तीनंतर वडिलांच्या नोंदींखाली तारीख घालून एक ओळ लिहिली: मेलबर्न येथे जन्मोत्सव, सुंठवडा नातीने कुटला.