साठवणीचे ओझे

बेळगावच्या उद्यमबागेतून फेरी मारली, तर काही कारखान्यांच्या पत्र्यांवर आता सौर पट्ट्या चकाकताना दिसतात. पाहून बरे वाटते. या छपरांसाठी कुणाला शेत सोडावे लागलेले नाही, धुराडेही वाढलेले नाही. मालकाचे बिल उतरते, हेही खरे. मग यात नीतीचा प्रश्न कुठे येतो? तो येतो सूर्य मावळल्यावर.

आपल्याकडच्या फौंड्रीचाच हिशेब घ्या. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट वीज लागते. एक किलोवॉटच्या सौर पट्ट्या दिवसाला सुमारे चार युनिट देतात आणि शंभरएक चौरस फूट जागा घेतात. म्हणजे रोजच्या एका टनासाठी १५,००० चौरस फुटांचे छप्पर हवे, आणि तेही स्वच्छ उन्हाचे. आपला आषाढ-श्रावण तर चार-चार दिवस सूर्य दाखवत नाही. तेव्हा उरलेली वीज बाहेरून आणायची किंवा साठवून ठेवायची.

साठवण ही काही पापाची गोष्ट नव्हे. कणगी भरून ठेवणारी घरची बाई शहाणी ठरते, आणि दुष्काळात धान्य कोंडणारा व्यापारी लोभी. दोघेही साठाच करतात. फरक इतकाच, की त्या साठ्याचे ओझे कुणावर पडते.

आपल्या मुलुखाला निसर्गाच्या शक्तीवर चालणारा कारखाना नवा नाही. घटप्रभेच्या गोकाक धबधब्यावर १८८७ साली सूतगिरणी पाण्याच्या जोरावर चालू लागली. वाहते पाणी वापरणे वेगळे आणि ते अडवून ठेवणे वेगळे. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळावी म्हणून मुळशीला धरण बांधायचे ठरले, तेव्हा १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. धरण झालेच. त्या विजेत धूर नव्हता, पण तिची साठवण मावळ्यांच्या भातखाचरांवर झाली होती. गिरणीत दिवा लागला तेव्हा त्याखालचा अंधार मुंबईत कुणाला दिसला नाही, कारण तो शंभर मैलांच्या आत असूनही डोंगराआड होता.

आज धरणाऐवजी बॅटरी आली. तिचे लिथियम चिलीच्या खारट वाळवंटातून येते. काही प्रकारच्या बॅटऱ्यांना लागणारे कोबाल्ट काँगोच्या खाणींतून येते, आणि तिथे लहान मुलेही राबतात हे जगाला ठाऊक आहे. कोबाल्टविरहित बॅटऱ्या आता सर्रास मिळतात, ही चांगली गोष्ट. तरीही विकत घेणाऱ्याने हे विचारायला हवे. अंतर वाढले म्हणून जबाबदारी कमी होत नाही.

पण याहून जवळची एक साठवण आपल्या नजरेतून सुटते. रात्रीची वीज स्वस्त, म्हणून भट्टी रात्री पेटवायची, ही रीत पुष्कळ ठिकाणी पडली. विजेची ती सोय रातपाळीच्या कामगाराच्या झोपेतून भरून निघत होती. आता वारे उलटे आहे. २०२३ साली केंद्राने नियम केला, की उन्हाच्या तासांतली वीज नेहमीपेक्षा निदान २० टक्के स्वस्त असावी. राज्याराज्यांत त्याची अंमलबजावणी कमीअधिक होईल. पण दिशा स्पष्ट आहे: काम उन्हाकडे सरकवता आले, तर तेवढी बॅटरी लागतच नाही.

यावर कुणी म्हणेल, चैत्र-वैशाखात भर दुपारी भट्टीपुढे उभे राहणे म्हणजे शिक्षाच. आक्षेप रास्त आहे. रात्रीची झोप परत दिली आणि दुपारी माणूस भाजून काढला, तर ओझे फक्त एका खांद्यावरून दुसऱ्यावर गेले. म्हणून वीज वाचवण्यातून जो पैसा सुटतो, त्यातला काही भाग वाऱ्याची सोय, उंच छप्पर आणि विश्रांतीच्या वेळेसाठी गेला पाहिजे. ती बक्षिशी नव्हे, त्या हिशेबातला कामगाराचा वाटा आहे.

मला क्रम असा दिसतो: आधी गरज कमी करावी, मग काम उन्हाच्या वेळेत आणावे, आणि त्यानंतरही उरेल तेवढेच साठवावे. प्रत्येक पायरीवर, ज्याच्यावर भार पडणार त्याला आधी विचारावे. मुळशीत राहून गेले ते एवढेच.

यंदा खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होईल, फुले वाहिली जातील. त्या रात्री भट्टी बंद असते आणि भट्टीवाला घरी असतो. वर्षातल्या आणखी काही रात्री त्याला तशा मिळाव्यात, इतपत तरी त्या छपरावरच्या उन्हाने करावे.