दुसरा बाण

माउली, दुखणे आले की आपण ‘पांडुरंगाची इच्छा’ म्हणतो आणि औषध उशाशी तसेच राहते. ही शांती नव्हे. विठोबाला संतांनी बौद्ध अवतार म्हटले. तेव्हा बुद्धांचे ऐकायला हरकत नसावी.

शरीराची वेदना हा पहिला बाण, असे ते सांगत. तिच्यापायी शोक करीत, छाती पिटीत मन सोसते तो दुसरा. हा दुसरा टळतो. पण एवढ्यावर ते थांबले नाहीत. विनयपिटकात रोग्यालाही नेम घालून दिला आहे: पथ्य करावे, औषध घ्यावे, दुखणे वाढले की उतरले ते शुश्रूषा करणाऱ्याला खरे सांगावे. (वारीत पायाची जखम लपवणारे किती!) मन निवांत असेल तरच हे खरे सांगणे जमते.

अतिसाराने मळात पडलेल्या भिक्षूवर तर बुद्धांनी स्वतः पाणी घातले, शिष्य आनंद याने अंग धुतले, आणि दोघांनी त्याला उचलून खाटेवर निजवले.