बिनझेंड्याचं जहाज

अलिबाग

चि. सोनूस,
आजीचे अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री उशिरा कधीतरी आला म्हणे. मी तो पहाटे, अंगण झाडून चहाचं आधण ठेवल्यावर वाचला. (वेळेवर झोपत जा ग. पहाटेच्या एका तासात रात्रीच्या तीन तासांचं काम उरकतं, हे तुला दहावीपासून सांगतेय आणि तूही दहावीपासून नुसती मान डोलावतेयस.) तू विचारलंस, भारताने चाळीस वर्षं इस्रायलशी राजनैतिक संबंध ठेवले नाहीत, पॅलेस्टाईनच्या बाजूने भाषणं केली आणि आतून त्याच इस्रायलकडून शस्त्रं घेतली, हा निव्वळ दुटप्पीपणा नाही का, आणि खाली लिहिलंस, उद्यापर्यंत लेख द्यायचाय. प्रश्न चांगला आहे. त्यामागची चीड तर मला प्रश्नाहून आवडली, कारण ज्याला खोटेपणाची चीड येते त्याचं मन स्वच्छ असतं आणि तुझं आहेच. काळजी वाटते ती त्या ‘उद्यापर्यंत’ची. चाळीस वर्षं चाललेली गोष्ट एका रात्रीत निकालात काढू नकोस, बाळा.

लहानपणी सुट्टीला यायचीस तेव्हा आपण इस्रायल आळीतून बाजारात जायचो ना, तिथूनच सुरुवात करते. आपल्या या किनाऱ्यावर बेने इस्रायली ज्यू शतकानुशतकं राहिले, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले गेले, आपल्यासारखंच मराठी बोलले. 1948 साली तो देश झाला आणि पुढे एकेक घर रिकामं होत गेलं. मंडळी मुंबईला इस्रायलच्या कॉन्सुलेटात खेटे घालायची, कागद करून आणायची, आणि वर्षा-दोन वर्षांनी लोदहून नाहीतर दिमोनाहून मराठी अक्षरातली पत्रं यायची. पुढे तिकडे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकसुद्धा निघालं. म्हणजे दिल्लीला ज्या देशाशी उघड बोलायचं नव्हतं, तिथे आमच्या अलिबागचे शेजारी नांदत होते. तेव्हा ‘संबंध नव्हते’ असं पुस्तकात वाचलंस की आधी विचार, कुणाचे नव्हते?

सरकारी बाजू बघ. 1947 साली पॅलेस्टाईनच्या फाळणीच्या ठरावाविरुद्ध भारताने मत दिलं. नुकतीच आपली फाळणी सोसलेल्या देशाला ते साहजिक होतं. 17 सप्टेंबर 1950 ला इस्रायलला मान्यता दिली. 1952 साली तिथल्या परराष्ट्र खात्याचे वॉल्टर आयटन दिल्लीला येऊन नेहरूंना भेटले, तेव्हा वकिलात लवकरच उघडेल अशी आशा घेऊन परतले. ती उघडली नाही. सांगायचं कारण काय, तर पैसे नाहीत आणि माणसं नाहीत. (काटकसर मला प्रिय, पाठकोऱ्या कागदावर हिशेब लिहिणारी मी बाई, पण काटकसर सबब म्हणून पुढे केली की मला ती लगेच ओळखू येते.) खरी कारणं वेगळी होती: संयुक्त राष्ट्रांत काश्मीरचा प्रश्न आला की अरब देशांची मतं लागत, तेल तिकडचं, घरच्या मुसलमानांच्या भावना, आणि पॅलेस्टिनी लोकांवर अन्याय झालाय ही मनापासूनची समजूतही. ही शेवटची गोष्ट विसरू नकोस, आजकाल ती सोयीस्करपणे गाळतात. शेवटी 1953 साली तडजोड झाली ती मुंबईतल्या एका कॉन्सुलेटची. तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते. नाव लक्षात ठेव, पुढे लागेल.

मग 1962 आलं. चीनचं सैन्य उतरलं आणि आपल्याला तहान लागल्यावर विहीर खणायची वेळ आली. जिथून मिळेल तिथून शस्त्रं मागितली गेली, त्यात नेहरूंनी इस्रायलचे पंतप्रधान बेन-गुरियन यांनाही लिहिलं. तिकडच्या कागदांतून बाहेर आलेली हकिगत अशी सांगतात, की माल ज्या जहाजातून येईल त्यावर इस्रायलचा झेंडा नसावा, अरब मित्र दुखावतील, असं आपण सुचवलं. आणि उत्तर आलं, झेंडा नसेल तर मालही नाही. ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. विकणाऱ्याला पैशांची गरज होतीच, पण पैशाहून त्याला आपलं नाव चारचौघांत घेतलं जायला हवं होतं, आणि घेणाऱ्याला वस्तू हवी होती, नाव नको होतं.

उघड संबंध नसलेल्या दोन देशांमध्ये शस्त्रं कशी जातात, हे कळलं की निम्मं गूढ उतरतं. दोन्ही सरकारांच्या मध्ये एक व्यापारी असतो, तिसऱ्याच देशात नोंदलेली त्याची कंपनी असते, पैसे तिच्या नावाने फिरतात, निरोपही बरेचदा त्याच्याच खिशातून जातात, आणि परराष्ट्र खात्याऐवजी हेरखात्याची माणसं बोलणी करतात, कारण त्यांच्या भेटींची बातमी होत नाही. आपल्याकडे सप्टेंबर 1968 मध्ये रामनाथ काव यांच्या हाताखाली ‘रॉ’ सुरू झाली आणि इस्रायलच्या मोसादशी बोलायचं काम तिच्याकडे आलं.

आता 1971. हे मी जरा सावकाश सांगणार आहे, तूही सावकाश वाच. मार्चअखेर पूर्व पाकिस्तानात कत्तल सुरू झाली आणि पुढच्या काही महिन्यांत जवळजवळ एक कोटी निर्वासित आपल्याकडे आले. जुलैच्या सुरुवातीला फ्रान्समधले आपले राजदूत डी. एन. चटर्जी यांनी दिल्लीला कळवलं, की प्रचार, पैसा, शस्त्रं, तेल, सगळ्यात इस्रायलची मदत मोलाची ठरेल. इंदिराबाईंनी होकार दिला. लिख्टेनश्टाईन नावाचा एवढासा देश, नकाशात भिंग घेऊन शोधावा लागतो, तिथल्या कंपनीमार्फत व्यवहार सुरू झाला. मधला माणूस श्लोमो झाब्लुदोविच. पोलंडमधला ज्यू, नाझींच्या छळछावणीतून वाचलेला, आणि आता उखळी तोफा बनवणाऱ्या सोल्ताम कारखान्याचा कर्ताधर्ता. तिकडे इस्रायललाच शस्त्रांची चणचण होती. तेव्हा पंतप्रधान गोल्डा मेयर यांनी इराणसाठी तयार झालेला माल आपल्याकडे वळवायचं ठरवलं. उखळी तोफा, त्यांचा दारूगोळा आणि तो वापरायला शिकवणारी माणसंसुद्धा. ऑगस्टमध्ये झाब्लुदोविच यांच्या हाती त्यांनी इंदिराबाईंसाठी निरोप धाडला, की या मदतीच्या बदल्यात आता राजनैतिक संबंध जोडावेत.

आपल्या जुन्या वाड्यात दोन बिऱ्हाडांचा अबोला असायचा, तरी सणाच्या दिवशी साखर कमी पडली की पोराच्या हातून वाटी जायची, आणि देणारी वाटी भरून द्यायची, फक्त एवढंच म्हणायची की आईला सांग, हळदीकुंकवाला बोलव आता. मेयरबाईंचं तसंच झालं. वाटी आपण घेतली, बोलावणं मात्र गेलं नाही. डिसेंबरात युद्ध झालं, ढाका पडलं, बांगलादेश झाला. गंमत पुढेच आहे: फेब्रुवारी 1972 मध्ये, फार लवकर, इस्रायलने बांगलादेशला मान्यता देऊ केली आणि बांगलादेशने ती नाकारली. इकडे आपण 1974 साली पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेला मान्यता दिली, अरबांखेरीज ती देणारा पहिला देश म्हणून, आणि 1975 मध्ये संयुक्त राष्ट्रांत झायोनवाद म्हणजे वंशवाद या ठरावाच्या बाजूने हात वर केला.

इथे तुला राग येईल. येऊ दे. पण एक विचार करून बघ. ज्यांना आपण पाठिंबा जाहीर केला त्यांच्याशी त्यामुळे बेइमानी झाली का? त्या तोफा पॅलेस्टिनींवर झाडायला घेतल्या नव्हत्या. माझं मत विचारशील तर 1971 चा व्यवहार मला खुपत नाही. एक कोटी माणसं दारात उभी असताना तोफेवरचा शिक्का बघत बसणं जमण्यासारखं नव्हतं. मला खुपतं ते दुसरंच, त्यावर येतेच.

आता मोरारजी. महाराष्ट्रात त्यांचं नाव निघालं की संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतला गोळीबार आणि हुतात्मे आठवतात, माझ्या पिढीच्या कपाळावरची आठी अजून गेलेली नाही. पण पहाटे उठणारा, सूत कातणारा, शिस्तीचा माणूस होता हेही खरं. ऑगस्ट 1977 मध्ये ते पंतप्रधान असताना इस्रायलचे परराष्ट्रमंत्री मोशे डायान गुपचूप दिल्लीला आले. डायान यांच्या डाव्या डोळ्यावरची काळी पट्टी जगभर ओळखीची. असा माणूस लपवायचा म्हणजे काय प्रकार असेल, याची कल्पना करून मी कितीदा हसलेय. एवढी जोखीम पत्करून आले आणि रिकाम्या हाताने गेले. मोरारजींनी सांगितलं, आधी अरबांशी तह करा, मग आपलं बघू. मुंबईतल्या एकाच कॉन्सुलेटवर भागत नाही, म्हणून दुसरं उघडू द्या, एवढंही त्यांनी मान्य केलं नाही. लोकांना या भेटीचा पत्ता लागला तो नंतर, मोरारजींचं सरकार गेल्याच्या सुमारास, आणि 1981 मध्ये डायान यांनी ती आपल्या पुस्तकात लिहून टाकली.

आणि बोलायची घाई काय करते तेही ऐक. 1982 साली मुंबईतले इस्रायली कॉन्सल योसेफ हसीन यांनी एका इंग्रजी साप्ताहिकाला मुलाखत दिली, भारताच्या धोरणावर मोकळेपणी तोंडसुख घेतलं, आणि सरकारने त्यांना देश सोडायला लावला. तोफा आल्या त्याचा कुणाला त्रास झाला नाही, बोलण्याचा झाला! उलट 1987 च्या जुलैत दिल्लीला डेव्हिस कपचा सामना होता, समोर इस्रायल. सामना सोडून द्यावा असा दबाव होता. राजीव गांधींच्या सरकारने तो होऊ दिला, आपण जिंकलो, आणि गवताच्या कोर्टावर जेवढं काम झालं तेवढं बऱ्याच खलित्यांनी झालं नव्हतं.

पुढचं तुला पाठ आहे. सोव्हिएत संघ मोडला, माद्रिदला अरब आणि इस्रायल एका टेबलाशी बसले, डिसेंबर 1991 मध्ये वंशवादाचा तो ठराव मागे घेण्याच्या बाजूने आपण मत दिलं, 24 जानेवारीला चीनने संबंध जोडले, आणि पाचच दिवसांनी, 29 जानेवारी 1992 ला, नरसिंह रावांनीही जोडले. त्या मुरलेल्या माणसाने पॅलेस्टिनींचे नेते यासर अराफत यांना त्याच महिन्यात दिल्लीत बोलावून आधी त्यांच्याशी बोलून घेतलं होतं, हे त्यातलं मला सगळ्यांत आवडलेलं काम. मेयरबाईंचा निरोप वीस वर्षांनी पोचला. त्या 1978 मध्येच गेल्या होत्या.

तर मला खुपतं ते हे. तू लेखासाठी दोन रकाने पाडशील, जाहीरपणे बोलले काय आणि आतून केलं काय, आणि दोन्ही जुळत नाहीत म्हणून ‘दुटप्पी’ असा शेरा मारशील. तिसरा रकाना पाड. त्यात प्रत्येक गोष्ट लोकांना कळली कधी ते लिही. डायान यांची भेट दोन-तीन वर्षांत कळली, 1971 च्या व्यवहाराचे कागद अभ्यासकांच्या हाती लागायला चार दशकं गेली. युद्धाच्या ऐन धामधुमीत गुप्तता हवीच, ती मी समजू शकते. पण युद्ध संपून नातवंडं झाली तरी कागद कुलपात, हे कशासाठी? अशा झाकपाकीत शहाण्या मुत्सद्द्याचं काम होतं तसं दलालाचीही पोळी भाजून निघते, आणि बाहेर उभ्या असलेल्याला दोघांतला फरक कळायला मार्ग उरत नाही. (उघड संबंध असले म्हणजे सगळं सोवळं असतं असंही नाही हं. स्वीडनशी आपले संबंध उत्तम होते, तरी बोफोर्स झालंच.) संसदेत त्या वर्षांत कुणी काय विचारलं आणि मंत्र्यांनी काय उत्तर दिलं, तेही शोधून बघ. माझ्या मते तुझा खरा लेख तिथे आहे.

हे उद्यापर्यंत होणार नाही. सरांना सरळ सांग, आठवडा हवा; चांगल्या शिक्षकाला असली मागणी आवडते, मी वर्गात उभी राहिलेली बाई आहे, मला ठाऊक आहे. श्रीनाथ राघवन यांचं 1971 वरचं पुस्तक ग्रंथालयातून आण, विकत घेऊ नकोस, महाग असतं. त्यांनी इंदिराबाईंचे प्रधान सचिव पी. एन. हक्सर यांचे कागद दिल्लीत तीन मूर्तीच्या ग्रंथालयात बसून वाचले. इस्रायलचा मजकूर त्यात थोडकाच आहे, पण तळटीपा सोडू नकोस. टिपणं वहीत हाताने काढ आणि प्रत्येकापुढे तारीख घाल.

रविवारी आत्या पुण्याला निघतेय, तिच्याबरोबर पांढऱ्या कांद्याची माळ आणि कडवे वाल देते. वाल रात्री भिजत घाल, मोड यायला दीड दिवस तरी दे, मागच्या वेळेसारखे तसेच शिजवू नकोस. लेख झाला की छापून पोस्टाने पाठव, फोनवर अक्षर फार बारीक दिसतं.

तुझी,
आजी