पिठल्याची पायरी

यंदा उन्हाळ्यात आमच्या एका स्तंभलेखक मित्राने मुंबईतल्या महागड्या ‘आधुनिक भारतीय’ हॉटेलांवर रविवारचा सबंध स्तंभ खर्ची घातला. मुद्दा एकच. पिठलं-भाकरीला हजार रुपये मोजणारा मूर्ख आणि घेणारा लुटारू. आजीच्या चुलीवरचं फुकटचं अन्न उचलायचं, चिनीमातीच्या बशीत घालायचं, वर कोथिंबिरीचं पान चिमट्याने ठेवायचं आणि गिऱ्हाइकाची बिनपाण्याने करायची. लेख व्हॉट्सअ‍ॅपवर बराच फिरला. ज्यांनी ज्यांनी मला तो पाठवला, त्यांनी खाली हसरे चेहरे जोडले होते.

हसण्यासारखं त्यात पुष्कळ आहे. लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या अशाच हॉटेलात मी जेवलोय. तिथे काय हवं ते विचारत नाहीत, ठरलेले पदार्थ एकामागून एक येत राहतात. मध्येच एक काळा दगड आला. दगडावर पाच रुपयांच्या नाण्याएवढी ज्वारीची भाकरी, तिच्यावर ठेच्याचे तीन ठिपके आणि वाटाण्याएवढा लोण्याचा गोळा. पण पापुद्रा अस्सल सुटला होता. एवढ्याशा भाकरीला तो सुटायचा तर हात तयार लागतो. ज्वारी मंगळवेढ्याची मालदांडी, मीठ अमक्या आगरातलं, मिरची तमक्या गावची, असं वाढणारा मुलगा पाठ केल्यासारखं सांगत होता. मी विचारलं, ‘भाकरी थापली कोणी?’ तो गोंधळला. ‘शेफ,’ म्हणाला. मग जरा थांबून, ‘आत एक मावशी आहेत.’

दोघांचं बिल पाच आकडी झालं आणि त्यात सर्व्हिस चार्ज लावलेला. तो सक्तीने लावता येत नाही असं दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये म्हटलंय, हे मी मॅनेजरला ऐकवलं. त्याने हसतमुखाने तो काढून टाकला आणि बायकोने घरी पोचेपर्यंत माझ्याशी अबोला धरला.

एवढं होऊनही मित्राचा युक्तिवाद मला फसवा वाटतो. आजीचं पिठलं फुकट होतं, कारण आजीला कोणी काही देत नव्हतं. बेसनाचे पैसे वाण्याला मिळत होते, सरपणाचे मोळीवाल्याला. राबणारी तेवढी हिशोबाबाहेर. घरचं अन्न स्वस्तच हवं, हा आग्रह धरणाऱ्यांत आयतं ताट पुढे येणारेच अधिक असतात, हा योगायोग मानायला मी तयार नाही.

ज्या गिरण्यांच्या आवारात आज चिमट्याने कोथिंबीर ठेवतात, त्यांच्या भोवतालच्या चाळींत खाणावळवाल्या बायका कामगारांना दोन वेळ जेवू घालत. जेवणाऱ्याचे पैसे पगार झाल्यावर मिळणार, पण तांदूळ आज भरायचा, म्हणून सावकाराकडून व्याजाने उचल घ्यायची. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. त्या करतात तो धंदा आहे हे बँकेच्या कागदावर लिहिलं गेलं. सात वर्षांनी गिरण्यांचा संप झाला आणि जेवणारेच पांगले, ही पुढची कथा वाचकांना ठाऊक आहे. तेव्हा स्वयंपाकाचे पैसे मागणं यात मला लूट दिसत नाही. प्रश्न आहे तो किती मागावेत आणि कोणी, याचा.

इथे मला कृष्णेंदु रे यांचा आधार घ्यायचा आहे. ‘चव हे वर्गाचं हत्यार’ वगैरे फ्रेंच सिद्धान्त आता कॉलेजातली मुलंही फेकतात, त्यात मी पडत नाही. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या रे यांनी ‘द एथ्निक रेस्टॉरेटर’ या 2016 च्या पुस्तकात प्रश्न साधा ठेवला: अमेरिकन शहरात कोणत्या देशाच्या जेवणाला गिऱ्हाईक किती मोजतं? त्यांचं म्हणणं असं की हा दर जीभ ठरवत नाही. त्या जेवणामागची माणसं त्या समाजात कोणत्या पायरीवर उभी आहेत, त्यावर तो ठरतो. गरीब इटालियन स्थलांतरितांच्या लसणाच्या वासाला एके काळी नाकं मुरडली जात. इटालियन माणूस वर चढला, तसा त्याचा पास्ताही चढला. जपान श्रीमंत झाला आणि कच्च्या माशाला सोन्याचा भाव आला. भारतीय आणि चिनी जेवण मात्र पोटभर आणि स्वस्तच असायला हवं, नाहीतर गिऱ्हाइकाला फसल्यासारखं वाटतं.

मुंबईत जन्मलेल्या फ्लॉइड कार्डोझ यांनी 1998 मध्ये न्यूयॉर्कला ‘तबला’ उघडलं, ते ही समजूत मोडायलाच, असं मला वाटतं. न्यूयॉर्क टाइम्सने त्याला तीन तारे दिले. 2010 मध्ये ते बंद झालं. पुढे 2015 मध्ये कार्डोझ यांनी जोडीदारांबरोबर कमला मिल्समध्ये ‘बॉम्बे कँटीन’ सुरू केलं. मे 2025 मध्ये दुबईच्या ‘ट्रेसिंड स्टुडिओ’ला मिशेलिनचा तिसरा तारा मिळाला. भारतीय जेवणाला एवढा मान जगात पहिल्यांदाच. भारतातल्या हॉटेलांना मिशेलिन तारेच देत नाही, म्हणून आपण दुबईच्या ताऱ्यांवर फटाके फोडले. आमच्या मित्राने सुशीच्या दरावर आजवर एक ओळ लिहिलेली नाही, हेही इथेच नोंदवतो.

इथवर मी हॉटेलवाल्यांचा वकील. पण रे यांचा नियम देशादेशांना लावून थांबता येत नाही, तो गावातल्या गावातही लागू होतो.

शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ 2015 मध्ये आलं. मराठवाड्यातल्या महार-मांगांचं जेवण त्यांनी त्यात पाककृतींसह नोंदवलं आहे. उन्हात वाळवलेल्या मांसाच्या चान्या, येसूर मसाला, रक्ती, वजडी. जनावराच्या कोणत्या भागाला काय म्हणतात, तो कसा शिजवतात आणि तेल-तूप नसताना काय करतात. मराठी जेवण म्हणून पुस्तकांत आणि पडद्यावर जे मिरवतं, त्यात हे ताट कुठेच नाही, हा त्यांचा मूळ आक्षेप. 2024 मध्ये भूषण कोरगावकरांच्या अनुवादातून ते इंग्रजीत गेलं आणि मग मुंबईच्या साहित्य महोत्सवी मंडळींना त्याचा वास आला. मराठीत ते नऊ वर्षं होतं.

आता मेनूकार्ड पुन्हा उघडा. तिथे ओडिशाच्या लाल मुंग्यांची चटणी भेटू शकते. सिमिलिपालच्या काई चटणीला तर 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. दूरच्या जंगलातली मुंगी साहस म्हणून चालते. गावकुसाबाहेरची चानी चालत नाही, कारण ती ओळखीची आहे. कायद्याची अडचण पुढे केली जाईल, की 2015 पासून महाराष्ट्रात गोवंशाचं मांस बंद आहे. खरं आहे. पण म्हशीचं बंद नाही, आणि रक्ती नि वजडी बकऱ्याचीही असते. लंडनच्या ‘सेंट जॉन’ने 1994 पासून आतडी, नळ्या, मुंडी यांवरच नाव कमावलं, आणि तिथे जाऊन आलेले आपले लोक त्या भाजलेल्या नळ्यांचे फोटो अभिमानाने दाखवतात.

त्यामुळे आजीचं पिठलं चोरलं, या फिर्यादीत मला आता वेगळीच अडचण दिसते. फिर्यादी आणि आरोपी एकाच आळीतले आहेत. दोघांच्याही डोळ्यांसमोर आजी आहे ती एकच, सोवळ्यातली किंवा फार तर वाड्यावरची. एक म्हणतो तिचं जेवण फुकट हवं, दुसरा म्हणतो महाग हवं.

उद्या कोणी हुशार शेफ रक्ती घेईल, वर फूल ठेवेल आणि दीड हजार लावेल. त्याने पायरी बदलेल का? रे यांचं ऐकलं तर नाही. पास्ता चढला तो इटालियन माणसामागून. माणूस खालीच राहून नुसतं ताट वर गेलं, तर त्याला मी आधी नाकारत होतो तो मित्राचाच ‘लूट’ हा शब्द लावावा लागेल. म्हणून मला हॉटेलच्या दरापेक्षा गाळ्याची काळजी वाटते. धाराशिवकडची एखादी बाई चान्या आणि येसूर पाटीवर लिहून, स्वतःच्या नावाने, लोअर परळला गाळा बघायला आली तर? बँक एक वेळ कर्ज देईल. पण ज्या शहरात भाड्याने घर देण्याआधी ‘नॉनव्हेज खाता का’ विचारतात, तिथे तिला गाळेमालकाची सही कोण आणून देणार आहे? आमचे मित्र की मी?