संचलनाचा पोशाख विणलेलाच हवा

26 जुलै 2024 रोजी भर पावसात पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटन संचलनात सीन नदीतून पथकांच्या नौका निघाल्या, तेव्हा भारतीय खेळाडूंच्या साड्यांवर आणि बंड्यांवर इकतची नक्षी होती. ती विणलेली नव्हती, छापलेली होती. इकतमध्ये आधी सूत बांधून रंगवतात आणि मग उभे-आडवे धागे असे जुळवतात की नक्षी कापडाच्या पोटातूनच वर येते. पोचमपल्ली, संबलपूर, पाटण इथल्या विणकरांचे सारे ज्ञान या जुळवणीत आहे. छपाईत नक्षी उरते आणि नेमके हे ज्ञान गळून पडते. फॅशन डिझायनर तरुण ताहिलियानी यांच्या या पोशाखावर देशात टीका झाली ती बरीचशी सौंदर्याच्या अंगाने. माझा आक्षेप त्याहून मूलभूत आहे. ज्या कारागिरीच्या नावाने देश जगापुढे उभा राहतो, तिला त्या कामातून वगळणे अन्याय्य आहे. त्याच सोहळ्यात मंगोलियाच्या पथकाने मिशेल अँड अमेझोंका या तिथल्या फॅशन संस्थेने केलेले भरतकामाचे पोशाख घातले होते. एकेका पोशाखाला सरासरी वीस तास लागले, असे तेव्हा सांगितले गेले, आणि जगाने कौतुक केले ते या मेहनतीचे.

एका संध्याकाळच्या कपड्यांचा एवढा विचार कशाला, पदकांचे बघा, असे कोणी म्हणेल. मैदानापुरते ते खरेच आहे. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक फुटबॉलपटू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून 2-1 असे निसटते हरले; 1952 मध्ये हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने 10-1 असा धुव्वा उडवला आणि त्यानंतर बूट सक्तीचे झाले. ते योग्यच झाले, कारण मैदानावर काय घालायचे ते खेळ ठरवतो. संचलनात मात्र शर्यत नसते. तिथे सेकंदाचा शतांश वाचवायचा नसतो, म्हणून यंत्राच्या कापडाला तिथे तांत्रिक सबबही उरत नाही. वेळेची सबब तर त्याहून लंगडी आहे. पॅरिसला आपले 117 खेळाडू गेले. संघ उशिरा ठरतात हे मान्य, पण कापड विणायला खेळाडूचे माप लागत नाही. ते वर्षभर आधी मागावर चढवता येते.

खरा अवघड आक्षेप खेळाडूच्या शरीराचा आहे. 2018 च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेसाठी महिलांची साडी बाजूला ठेवून पँट आणि ब्लेझर आले, ते सोयीसाठी. पॅरिसनंतर बॅडमिंटनपटू ज्वाला गुट्टा यांनीही नीट न बसणाऱ्या ब्लाउजकडे आणि साडी नेसता न येणाऱ्या मुलींच्या अडचणीकडे लक्ष वेधले. हे बोल डावलून चालणार नाही. पादत्राणांत तर तडजोडीला जागाच नाही. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधील प्रदर्शनात तिच्यासारखी चप्पल कोल्हापूरचे नाव न घेता झळकली आणि महाराष्ट्र संतापला. त्या संतापाच्या भरात संचलनात कोल्हापुरीच हवी, असे म्हणणे सोपे आहे. पण नवी कोल्हापुरी पायाला चावते, तासन्‌तास उभे राहायचे असते आणि दुसऱ्या दिवशी सामना असेल तर एक फोडही महाग पडतो. म्हणून ती द्यायची असेल तर पायाच्या मापाने करून, दोन-तीन महिने आधी, वापरून मऊ करायला द्यावी. ते जमत नसेल तर साधे बूट द्यावेत. कोल्हापुरीसारखे दिसणारे काहीतरी मात्र देऊ नये. साडीचेही तसेच: कापड विणकराचे असावे, त्याची साडी नेसायची की कुर्ता शिवायचा हे खेळाडूने ठरवावे.

2028 मध्ये लॉस एंजेलिसला ऑलिंपिक आहे आणि 2030 ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादेत, म्हणजे पाटणच्या विणकरांच्या दारातच आहे. भारतीय ऑलिंपिक संघटनेने कापडाची मागणी आत्ताच विणकरांच्या सहकारी संस्थांकडे नोंदवावी आणि पथकाच्या परिचयपत्रात त्या गावांची नावे छापावीत.