सरकारी वकिलाचा धनी

ज्याचे अन्न खावे त्याच्या मिठाला जागावे, हा आपल्या नीतिकल्पनेतील इतका जुना आणि सर्वमान्य दंडक आहे की त्याविषयी शंका घेणे हेच मुळी कृतघ्नपणाचे लक्षण समजले जाते. महाभारतकारांनी मात्र ही शंका टाळलेली नाही. युद्धाच्या आरंभी आशीर्वादासाठी आलेल्या युधिष्ठिरापाशी, आपण कौरवांच्या अर्थाने बांधले गेलो आहोत, अशी जी कबुली भीष्म देतात, तीत स्वामिनिष्ठेच्या अभिमानापेक्षा अगतिकताच अधिक आहे. त्याच घराण्याच्या अन्नावर वाढलेला विदुर मात्र, दुर्योधनाला आवरा आणि पांडवांचे राज्य त्यांना परत द्या, असे धृतराष्ट्राला तोंडावर सांगतो. राजाची इतराजी होते, आणि विदुराला काम्यकवनाची वाट धरावी लागते. पुढे राजाला पश्चात्ताप होतो, संजय त्याला बोलावून आणतो आणि विदुर पुन्हा दरबारात येतो. विदुराचे शहाणपण दोन्ही वेळी तेच होते. फिरली ती राजाची मर्जी. सत्य सांगण्याचे काम ज्याच्याकडे सोपवले, त्याची नेमणूक आणि बडतर्फी त्या सत्याने अडचणीत येणाऱ्याच्याच हाती असावी काय, हा धर्माचा प्रश्न आज फौजदारी न्यायालयातील सरकारी वकिलाच्या संबंधाने उभा राहतो.

खाजगी वकिलाची गोष्ट सरळ असते. पक्षकाराने वकीलपत्र दिले की तो उभा राहतो, काढून घेतले की बस्ता बांधून बाजूला होतो. त्यात अन्याय कोणाचाच नाही. सरकारी वकिलाला मात्र असा पक्षकारच नसतो. आरोपीला शिक्षा झालीच पाहिजे, हे त्याचे साध्य नव्हे. पोलिसांनी आणून दिलेल्या कागदपत्रांत आरोपीला उपकारक असे काही निघाले तर तेही न्यायालयापुढे ठेवणे त्याचे कर्तव्य असते. त्याची खरी सत्ता भाषणात नाही, बारीकसारीक निर्णयांत आहे. जामिनाच्या अर्जाला हरकत घ्यावयाची की ‘योग्य तो हुकूम व्हावा’ एवढे लिहून सोडून द्यावयाचे, कोणता साक्षीदार तपासावयाचा आणि कोणता गाळावयाचा, साक्षीदार फितूर झाला तर त्याची उलटतपासणी जीव ओतून घ्यावयाची की उरकावयाची, सुटकेच्या निकालावर अपील सुचवावयाचे की मुदत उलटू द्यावयाची, यांपैकी एकाही गोष्टीचा वर्तमानपत्रात बोभाटा होत नाही, आणि खटल्याचा जीव मात्र याच गोष्टींत असतो. ज्या माणसाच्या हातून हे निर्णय व्हावयाचे, त्याला उद्या आपण या खुर्चीवर असू की नाही, याची धास्ती असेल, तर कोणी मंत्र्याने दूरध्वनी करण्याचीही गरज उरत नाही. धास्ती आपले काम मुकाट्याने करीत असते.

उत्तर प्रदेशात १९८९ सालच्या डिसेंबरात सत्तांतर झाले, आणि ६ फेब्रुवारी १९९० रोजी निघालेल्या एकाच परिपत्रकाने राज्यातील सर्व जिल्ह्यांतील दिवाणी, फौजदारी आणि महसुली अशा यच्चयावत सरकारी वकिलांच्या नेमणुका २८ फेब्रुवारीपासून संपुष्टात आणल्या गेल्या. कोणाची मुदत संपली होती, कोणाची शिल्लक होती, कोणाचे काम चोख होते आणि कोणाचे ढिसाळ, याचा विचार त्या हुकुमात नव्हता. सरकारचे म्हणणे असे की हा वकील आणि पक्षकार यांच्यातला करार आहे, आणि नियमानेच आम्हाला कारण न दर्शविता केव्हाही नेमणूक रद्द करण्याचा अधिकार दिला आहे. कुमारी श्रीलेखा विद्यार्थी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सप्टेंबर १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे परिपत्रक रद्द केले, आणि न्यायमूर्ती जगदीश शरण वर्मा यांनी त्या नियमाचा जो अर्थ लावला तो तत्त्वचिंतकालाही विचार करावयास लावणारा आहे: कारण न दर्शविता याचा अर्थ कारण न कळविता एवढाच; मुळात कारणच नसले तरी चालेल असा नव्हे. राज्यसंस्था करार करते तेव्हाही ती राज्यसंस्थाच राहते, आणि मनमानी करण्याची सवड तिला घटनेचा चौदावा अनुच्छेद देत नाही.

बिहारमधील प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. जगन्नाथ मिश्र यांच्यावर पाटण्याच्या एका सहकारी बँकेच्या व्यवहारावरून खटला झाला होता. १९८० साली ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. त्यानंतर दक्षता खात्याच्या खटल्यांसाठी आधीच्या सरकारने केलेली वकिलांची यादी रद्द झाली, नवी यादी झाली, आणि त्या नव्या यादीतील वकिलाने १९८१ मध्ये खटला मागे घेण्याचा अर्ज दिला. कायदा असे म्हणतो की असा अर्ज सरकारी वकिलाने स्वतःच्या विवेकबुद्धीने द्यावयाचा असतो आणि त्याला न्यायालयाची संमती लागते. संमती मिळाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेथे १९८२ मध्ये न्यायमूर्ती तुळजापूरकरांनी आपला विरोधी निर्णय नोंदविला, आणि अखेर डिसेंबर १९८६ मध्ये घटनापीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी माघार वैध ठरविली. सरन्यायाधीश भगवती अल्पमतात राहिले. बहुमताचा निर्णय शिरोधार्य आहेच. पण आरोपी ज्या सरकारचा प्रमुख, त्याच सरकारने नेमलेल्या माणसाने आपला विवेक स्वतंत्रपणे वापरला असे गृहीत धरावे लागते, तेव्हा ते गृहीतक पेलण्याचा भार त्या एका माणसाच्या चारित्र्यावर पडतो. चारित्र्यवान माणूस हा भार पेलीलही. परंतु पेलला की नाही, हे बाहेरच्या माणसाने ओळखावे कसे?

यावर कोणी म्हणेल की मग सरकारी वकिलाला सरकारच्या हातातून पूर्णपणे सोडवा. हा उपाय वाटतो तितका निर्दोष नाही. अमेरिकेत २० ऑक्टोबर १९७३ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी आपल्याच प्रकरणाचा तपास करणाऱ्या आर्चिबाल्ड कॉक्स यांना काढून टाकण्याचा हुकूम दिला. अत्यंत गंभीर गैरवर्तनाखेरीज कॉक्स यांना काढता येणार नाही असे नियमात होते, आणि तसे गैरवर्तन न दिसल्यामुळे कायदाखात्याचे प्रमुख रिचर्डसन यांनी हुकूम बजावण्याऐवजी राजीनामा दिला. या धड्यावरून १९७८ साली तेथे न्यायाधीशांच्या मंडळाने नेमावयाचा स्वतंत्र अभियोक्ता आला. परंतु जमिनीच्या व्यवहारापासून निघालेली एक चौकशी पुढे अध्यक्ष क्लिंटन यांच्या शय्यागृहापर्यंत जाऊन पोहोचली, आणि १९९९ साली हा कायदा मुदत संपताच मरू देण्यात आला. दोन्ही पक्षांपैकी कोणीही त्यासाठी फारसे अश्रू ढाळले नाहीत. ज्याला कोणालाच जाब द्यावा लागत नाही, त्याच्या हातचा दंडही राजाच्या दंडाइतकाच बेभान होऊ शकतो. शिवाय लोकांनी निवडलेल्या सरकारला आळशी, लाचखाऊ किंवा नालायक वकील काढताच येऊ नये, हे म्हणणे लोकशाहीला धरून नाही.

तेव्हा प्रश्न ताबा असावा की नसावा हा नसून, तो कोणत्या धर्माने बांधलेला असावा, हा आहे. सत्तेवरही सत्ता गाजविणारी वस्तू म्हणजे धर्म, आणि त्याच्या बळावर दुबळा माणूसही बलवंताला आवरू शकतो, असे बृहदारण्यक उपनिषदाने सांगितले आहे. हा धर्म व्यवहारात उतरावयाचा तर नेमताना आणि काढताना सत्ताधाऱ्याला एकटे सोडता कामा नये. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने जिल्ह्यातील नेमणुकीची नामावली जिल्हादंडाधिकाऱ्याने सत्र न्यायाधीशांच्या विचाराने करावी, असे ठरविले होते. महाराष्ट्राने १९८१ साली दुरुस्ती करून सत्र न्यायाधीशांच्या विचारविनिमयाच्या जागी राज्य सरकारची मान्यता घातली, आणि उच्च न्यायालयातील नेमणुकांपुरता उच्च न्यायालयाचा सल्लाही वगळला. रामशास्त्र्यांचे नाव ज्या प्रांतात प्रातःस्मरणीय मानले जाते, त्या प्रांताने ही दुरुस्ती फारशी खळखळ न करता पचविली. आपण निःस्पृह माणसाची पूजा बांधतो आणि त्याच्या जागेला कुंपण घालावयाचे मात्र विसरतो, एवढाच याचा अर्थ.

सरकारी वकिलाने ज्या मिठाला जागावयाचे ते मंत्र्याच्या घरचे नसून खजिन्यातले असते, आणि खजिना फिर्यादीच्या करातून भरतो तसाच आरोपीच्याही. म्हणून सरकारने त्याला जरूर काढावे; फक्त काढण्याचे कारण कागदावर लिहावे, आणि ज्या न्यायालयात तो उभा राहत होता त्याच न्यायालयात ते मोठ्याने वाचून दाखविता येईल, असे असावे. हे बंधन ज्या सरकारला जाचक वाटते, त्याला वकील नको असतो. त्याला हवा असतो तो भाट.